कोणत्या बाजूला उतरले?

पाचोऱ्याहून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. २२ जानेवारी २०२५, बुधवार. आमच्याकडे या दिवसांत घरोघर भरीत होतं. बामणोदची वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. खरं तर ती पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायची, पण जळगावात तिसऱ्या मजल्यावर पऱ्हाटी कुठून आणणार, म्हणून गॅसवर. एका हाताने वांगं फिरवत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. बहीण शाळेत शिकवते, फोनवर एरवी अगदी पुस्तकी बोलते, पण घाबरली की तिच्या तोंडून अहिराणीच बाहेर पडते. "माय वं, भलता मानसं गयात," एवढंच दोनदा म्हणाली. मग सावरून सांगितलं. परधाडे आणि माहेजीच्या मध्ये लखनऊहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस साखळी ओढल्यामुळे थांबली. गाडीला आग लागली अशी आवई उठली, लोक भराभर खाली उतरले, आणि शेजारच्या लाइनवरून कर्नाटक एक्सप्रेस आली.

माझे वडील, अण्णा, बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. मी टीव्ही लावला. तीच तीन-चार दृश्यं फिरून फिरून दाखवत होते. थांबलेली गाडी, खडीवर पडलेल्या चपला, पिशव्या, शेतातून पळत येणारी माणसं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. किती गेले, कुठले होते, आग खरंच होती का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "कोणत्या बाजूला उतरले?"

मला राग आला. एवढी माणसं गेली आणि यांना बाजू पडली आहे! मी काही न बोलता आत गेले. वांगं एका अंगाने जळून कोळसा झालं होतं.

हा प्रश्न किती रास्त होता, ते कळायला मला बरेच महिने लागले.

अण्णा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. अण्णांना ते नाव सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मॅनेजर? मग पंखा तरी देतात का ब्रेकव्हॅनमध्ये?" नोकरीची पहिली बरीच वर्षं त्यांनी मालगाडीवर काढली. मालगाडीचा गार्ड म्हणजे गाडीच्या शेपटाला एका डब्यात एकटा बसलेला माणूस. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यापुढे ड्रायव्हर आणि असिस्टंट. बोलायला कोणी नाही. आमच्या क्वार्टरवर रात्री-बेरात्री कॉलवाला यायचा, दाराची कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. आई स्टो पेटवायची. भाकरी, ठेचा, कधी कळण्याची भाकरी, फडक्यात कांदा. मग अण्णा काळा कोट घालून निघायचे आणि दोन दिवसांनी कोळशाच्या नाहीतर डिझेलच्या वासाने माखून परत यायचे.

त्यांची लोखंडी पेटी घरी येत नसे, ती लॉबीत, म्हणजे त्यांच्या ड्यूटीच्या ऑफिसात राहायची. एकदाच मी ती उघडी पाहिली. सातवी-आठवीत असेन. स्टेशनवर डबा पोचवायला गेले होते आणि अण्णा पेटीतलं सामान मोजत बसले होते. दोन लाल झेंड्या, एक हिरवी. तीन रंगांचा हातदिवा. गाडीच्या मागे लावायचा टेललॅम्प, आणि 'एलव्ही' लिहिलेली पाटी. ती पाटी दिसली की स्टेशनमास्तरला कळतं की गाडी अख्खी आली, मध्येच तुटून शेपूट मागे राहिलेलं नाही. आणि पत्र्याचा एक गोल डबा. त्यात चपट्या गोल टिकल्या होत्या. जुन्या बुटपॉलिशच्या डबीसारख्या दिसत, दोन्ही बाजूंना शिशाच्या वाकणाऱ्या पट्ट्या. "हे फटाके," अण्णा म्हणाले. रुळावर ठेवायचा, पट्ट्या रुळाच्या डोक्याखाली दुमडायच्या. चाक गेलं की बार उडतो. ड्रायव्हरने बार ऐकला की गाडी थांबवायची, का-कशाला विचारायचं नाही.

त्याचा नियम आम्हा भावंडांना पाढ्यासारखा पाठ होता, कारण अण्णा तो जेवताना म्हणून घ्यायचे. गाडी मध्येच अडकली तर ६०० मीटरवर एक फटाका. १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटर सोडून. गार्डने मागे जायचं, असिस्टंटने पुढे. इंजिनाच्या चार छोट्या शिट्ट्या. इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर सुरू करायचा, म्हणजे समोरून शेजारच्या लाइनवर येणाऱ्या गाडीला लांबून दिसेल. "आणि आधी काय?" अण्णा विचारायचे. आम्ही एका सुरात म्हणायचो, "आधी शेजारची लाइन!"

आधी शेजारची लाइन. स्वतःच्या लाइनवर मागून येणारी गाडी सहसा येतच नाही, कारण आपली गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत दोन स्टेशनांमधल्या त्या तुकड्यात दुसरी सोडायचीच नाही, अशी यंत्रणा आहे. पण शेजारच्या लाइनवर समोरून येणाऱ्या गाडीला तुमच्या गाडीचं काय झालं ते ठाऊक नसतं. तिचा सिग्नल हिरवा. तिची वाट मोकळी.

चाळीसगावच्या पलीकडे एका पावसाळी रात्री अण्णांच्या मालगाडीची मधली वाघीण घसरली आणि शेजारच्या लाइनकडे कलली. अण्णा मागे निघाले. त्यांनी किती वेळा ही गोष्ट सांगितली असेल, पण दर वेळी ते खडीवर येऊन अडायचे. रुळांमधली खडी चालण्यासाठी नसते. पाय ठेवला की घोटा वळतो. पावसात, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात फटाक्यांचा डबा, पायात सरकारी बूट. १२०० मीटर म्हणजे तेव्हा पंधरा-वीस मिनिटं. पुढच्या टोकाला असिस्टंट पळाला होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. फटाके लावून अण्णा वळले. लाइन तिथे सरळ होती. फार लांब, गाडीच्या पलीकडे, शेजारच्या लाइनवर एक हेडलाइट दिसला. "तो वाढत होता," अण्णा सांगायचे. "वाढत होता. मग वाढायचा थांबला." एवढं बोलून ते पाणी प्यायचे. मी लहानपणी ही गोष्ट कंटाळवाणी समजायचे, कारण तिच्यात शेवटी काहीच होत नाही.

पुष्पकच्या त्या संध्याकाळनंतर मी रेल्वे अपघातांबद्दल बरंच वाचलं. आधी झोप यायची नाही म्हणून, नंतर सवयीने. भुसावळच्या पोरीला आर्मा हे नाव तिथेच भेटलं. आयर्लंडमधलं गाव. १२ जून १८८९. चर्चच्या रविवारच्या शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, शिक्षक मिळून सुमारे ९४० माणसं समुद्रकिनारी सहलीला निघाली होती. पंधरा डबे, एक इंजिन. गावाबाहेर लांबलचक चढ, काही ठिकाणी ७५ फुटांना एक फूट. (आपला कसारा घाट ३७ ला एक आहे, म्हणून तिथे मागून बँकर इंजिनं लावतात.) माथा दोनशे-एक यार्ड उरला असताना इंजिनाचा दम संपला.

मागून वीस मिनिटांनी दुसरी गाडी सुटणार होती. त्या काळी त्या लाइनवर गाड्यांमध्ये फक्त वेळेचं अंतर ठेवत, पुढची गाडी पोचली का ते बघत नसत. थांबलेल्या गाडीवर ठरलं की गाडी तोडायची. पुढचे पाच डबे इंजिनाने माथ्यावर न्यायचे, मग येऊन मागचे दहा न्यायचे. डबे जोडणारी ब्रेकची नळी त्यासाठी सोडावी लागली. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. नळीत निर्वात पोकळी असेल तरच ब्रेक लागायचा, नळी सुटली की ब्रेकही सुटायचा. तेव्हा मागचे दहा डबे एका गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला. तेवढ्या धक्क्याने दगडांचा भुगा झाला. दहा डबे उतारावर मागे धावू लागले. लोक उतरू शकत नव्हते, कारण बिनतिकीट कोणी चढू नये म्हणून दारांना बाहेरून कुलपं लावली होती. खाली दुसरी गाडी चढ चढत येत होती. ८० माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ. अडीचशेहून जास्त जखमी.

त्यानंतर ऑगस्ट उलटायच्या आत ब्रिटिश संसदेने कायदा केला. तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे) एकमेकांशी असे बांधलेले, की सांधा चुकीचा असेल तर गाडीला सिग्नल मिळणारच नाही. आणि असा ब्रेक, की जो सगळ्या डब्यांतून जाईल आणि नळी कुठेही तुटली तर आपोआप लागेल. साध्या ब्रेकच्या अगदी उलट. हे तिन्ही मी लहानपणापासून ओळखत होते, फक्त त्यांच्या मागची पोरं ओळखत नव्हते. अण्णांच्या तोंडची 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा तुकडा रिकामा असल्याची परवानगी, ती पहिली गोष्ट. केबिनमधले ते उंच लिव्हर, जे भुसावळच्या सांधेवाल्यांना अंगाचा भार टाकून ओढताना बघत आम्ही शाळेत जायचो, ती दुसरी. आणि तिसरी म्हणजे डब्यातली साखळी.

हो, साखळी. 'गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा.' साखळी ओढली की नळीतली हवा बाहेर पडते आणि गाडीला वाटतं आपण तुटलो. म्हणून ब्रेक लागतो. एवढंच तिचं यंत्र. अण्णा पॅसेंजरवर होते तेव्हा साखळी ओढली की खाली उतरून, कान देऊन, कुठल्या डब्यातून हवेचा फुस्स आवाज येतोय ते शोधत जायचे. ओढणारा तोवर शेतातून घरी पोचलेला असायचा. विनाकारण ओढली तर १००० रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, पण आमच्या भागात कित्येकांना ती आपल्या गावाची खासगी घंटा वाटायची.

आता माझ्या मनात हे असं येऊन बसलं आहे, की त्या दिवशी परधाड्याजवळ आर्माची तिन्ही उत्तरं बरोबर होती. तुकड्यात पुष्पक एकटीच होती. तिच्या मागून कोणी आलं नाही. साखळी ओढली, ब्रेक लागला, अख्खी गाडी एकसंध उभी राहिली. शेजारच्या लाइनवर कर्नाटक एक्सप्रेसची वाट कायद्याने मोकळी होती. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की पुष्पकच्या लोको पायलटने फ्लॅशर लावला होता, तो बघून समोरच्याने ब्रेकही मारला, पण तिथे लाइनला वळण आहे, त्यामुळे दिसायला आणि थांबायला अंतर पुरलं नाही. म्हणजे ज्याने जे करायचं ते केलं. १८८९ मध्ये लोक मेले कारण त्यांना उतरता आलं नाही. इथे मेले ते उतरले म्हणून.

दोन गाड्यांची टक्कर होऊ नये यासाठी दीडशे वर्षं केवढी अक्कल खर्च झाली आहे! टक्कर झालीच ती नियम मोडल्यावर. २ ऑगस्ट १९९९ ला गैसलला अवध-आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल एकाच रुळावर समोरासमोर आल्या, २८० च्या वर माणसं गेली, रेल्वेमंत्र्यांनी राजीनामा दिला. अण्णांनी त्या रात्री दोनदा जेवणाचं ताट बाजूला सारलं. एका रुळावर दोन गाड्या हे त्यांच्या लेखी देवळात चप्पल घालून जाण्यासारखं होतं. गैसलचा दोष कुठे ते दाखवता येतं. पण ही सारी यंत्रणा गाडीला ओळखते. रुळात बारीक वीज खेळवलेली असते, चाकं आली की तिला कळतं. चाकांशिवाय जे काही रुळावर येतं, गाय, बैल, पोरगं, पोटाशी पिशवी धरलेला माणूस, ते तिच्या लेखी नसतंच. सिग्नल हिरवाच राहतो.

मी एकदा हिशोब मांडून पाहिला. ताशी शंभराने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. एलएचबी या नव्या प्रकारचा एक डबा साडेतेवीस मीटर. म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत एक डबा पुढे. अण्णांचे ते १२०० मीटर, जे चालायला त्यांना वीस मिनिटं लागली, ती गाडी ४३ सेकंदांत संपवते. दोन लाइनींच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर जुन्या ठिकाणी पावणेपाच मीटरच्या आसपास, नव्या ठिकाणी ५.३. डब्याची रुंदी सव्वातीन मीटर. उरतं काय? दोन गाड्यांच्या मध्ये दीड ते दोन मीटर. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापासून फ्रिजपर्यंत. डब्याची जमीन रुळापासून चार फुटांहून उंच, खाली खडी उताराची, मागून लोक ढकलतायत. उडी मारणारा माणूस या दीड मीटरात दोन पायांवर थांबत नाही, तो दोन पावलं पुढे जातो. दोन पावलांवर दुसरा रूळ असतो.

त्या रात्री १२ मृत्यूंची बातमी होती, दुसऱ्या दिवशी आकडा १३ वर गेला. त्यांत नेपाळहून मुंबईला निघालेली माणसंही होती. राज्य सरकारने पाच लाख जाहीर केले, रेल्वेने दीड लाख. पाचोऱ्याच्या दवाखान्यांत जखमी आले, जळगावला आले. बहीण दुसऱ्या दिवशी शाळेच्या इतर बायकांबरोबर पोळ्या आणि चादरी घेऊन गेली. तिथे तिला एक बाई भेटली, हिंदीही धड न येणारी. ती फक्त एक मोबाइल पुढे करून त्यातला फोटो दाखवत होती. बहीण नुसतीच तिच्याशेजारी बसली. "काय बोलू? तिची भाषा मला येईना, माझी तिला," म्हणाली. मग तिने तिला पोळी-भाजी दिली आणि बाईने ती खाल्ली.

मोबाइलवर मात्र लोकांना भाषा चांगली येत होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री दहापर्यंत निकाल लागला होता. अडाणी लोक. अफवेवर उड्या मारणारे. 'यांना रेल्वेत बसायची अक्कल नाही.' एकाने हसणारा चेहरा टाकला, मग काढला. मी काहीतरी लिहिलं आणि पुसलं. आजही खंत वाटते की पुसलं.

कारण मी त्या डब्यात असते तर उडी मारली असती. जनरल डबा, संडासापर्यंत उभी माणसं, खिडक्यांना गज. कोणीतरी ओरडतं, आग. काहींनी धूर आणि ठिणग्या पाहिल्याचं सांगितलं, रेल्वेने आग नव्हती असं सांगितलं. ब्रेक चाकाला घासत राहिला तर जळका, नाकात चढणारा वास येतो. अण्णा झोपेतही तो ओळखायचे आणि म्हणायचे, "बाइंडिंग आहे, काही नाही." पण ज्याने आयुष्यात तो वास घेतला नाही, त्याला तो जळण्याचाच वास. जळत्या डब्यात बसून खात्री करून घ्या, असं कोणी कोणाला कसं सांगावं? दारात पोचलेल्याला तेवढ्यात एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती त्याला कोणी कधी सांगितलेली नव्हती.

कोणत्या बाजूला.

मार्चमध्ये एका रविवारी मी अण्णांना तो प्रश्न उलट विचारला. कोणत्या बाजूला उतरायचं? ते दाढी करत होते. वस्तरा तसाच धरून त्यांनी उत्तर दिलं, जणू मी तिसरीतली मुलगी आहे. "इंजिनाकडं तोंड कर. डाव्या हाताला उतर." आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात, त्यामुळे दोन लाइनी असतील तर दुसरी लाइन कायम उजव्या हाताला. एवढं सोपं! मी चाळीस वर्षं रेल्वेने फिरते आहे, गार्डची मुलगी आहे, फटाक्यांचा पाढा मला आजही येतो, आणि हे मला माहीत नव्हतं. पाढा गाडीसाठी होता.

मग लगेच त्याच्या फटीही दिसायला लागल्या. डब्यातली निम्मी माणसं इंजिनाकडे पाठ करून बसलेली असतात. दारात उभ्या असलेल्याला इंजिन कुठे ते रात्री कळत नाही. आणि जळगाव-मनमाड तिसऱ्या लाइनचं काम निघालं आहे. भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात तर तीनवर चौथीही झाली. तिथे तुमची गाडी मधल्या रुळावर असेल तर डावीकडेही लाइन आणि उजवीकडेही. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी वस्तरा धुतला आणि म्हणाले, "मग दोन्हीकडं बघून उतर." मी गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच'बद्दलही सांगितलं. या यंत्रणेत लोको पायलटला संकटाचं बटण असतं, ते दाबलं की आसपासच्या, कवच असलेल्या गाड्यांना ब्रेक लागतो. त्यांना ते आवडलं. "म्हणजे फटाके हवेतून," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण बटण कोणी दाबायचं? गाडी का थांबली ते ड्रायव्हरला तोपर्यंत कळलेलं पाहिजे ना."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा डब्यात चढते तेव्हा भिंती वाचते. साखळी ओढण्याची सूचना असते, दंडासकट. आपत्कालीन खिडकी लाल अक्षरांत. सिगारेट ओढू नका. अनोळखी माणसाकडून काही खाऊ नका. चार्जिंगचं बटण, तक्रारीचा नंबर. दारावर, जिथे हात जातो तिथे, गाडी मध्येच उभी राहिली तर समोर दुसरा रूळ असू शकतो, असं लिहिलेलं मला अजून दिसलेलं नाही. बारा शब्दसुद्धा लागणार नाहीत. मराठीत, हिंदीत, आणि वाचता न येणाऱ्यासाठी एक चित्र.

गेल्या हिवाळ्यात चाळीसगावला भाच्याच्या लग्नाला निघालो. अण्णा आता कमरेत वाकले आहेत, पण गाडीनेच जायचं म्हणाले. शिरसोली गेलं, म्हसावद गेलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. माहेजीच्या अलीकडे गाडी हळू झाली आणि उभी राहिली. सिग्नल असावा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डब्यातले लोक नेहमीसारखे उठले. कोणी दारात बसलं, कोणी खाली उतरून आळस दिला. विशीतला एक मुलगा, कानात इअरफोन, उजव्या दारातून खाली उतरला आणि दुसऱ्या लाइनच्या रुळावर जाऊन बसला. ऊन छान होतं. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता.

अण्णांनी खिडकीतून हाक मारली. "ए भाऊ! इकडं ये!" त्याला ऐकू गेलं नाही. मी उठेपर्यंत अण्णा उठले होते. सीटा धरत धरत दाराशी गेले. मला वाटलं आता हे उतरतात की काय. उतरले नाहीत. पाठ दाराच्या कडेला टेकवून ते उभे राहिले आणि दोन्ही हात, तळवे पुढे करून, डोक्याच्या वर नेले. हातात झेंडी नसली की दिवसा गाडी थांबवायची ती खूण आहे. मला एकदम आमचं क्वार्टरचं अंगण आठवलं, तिथे आम्ही पोरं गाडी-गाडी खेळायचो आणि अण्णा बाजेवर पडल्या पडल्या ही खूण सुधारून द्यायचे. कोपर वाकवायचं नाही.

मुलाची नजर वर गेली. म्हातारा हात वर करून उभा आहे असं बघून तो हसला, त्यानेही एक हात वर केला. मग काय वाटलं कोण जाणे, उठला, पँट झटकली आणि दाराकडे आला. अण्णा बाजूला सरकले. तो वर चढून त्याच्या जागेवर जाऊन बसला. त्याने बॅगेतून राजगिऱ्याची चिक्की काढली आणि शेजारच्या लहान मुलीला तुकडा दिला.

शेजारच्या लाइनवरून कुठलीच गाडी आली नाही. थोड्या वेळाने आमच्या गाडीने शिट्टी दिली, खाली उतरलेले सगळे धावत चढले, आणि गाडी हलली. अण्णा दारातच उभे होते. मी दांडा धरलेला त्यांचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांना आता लांबची पाटी वाचता येत नाही. माहेजीचा फलाट मागे पडला, मग वळण आलं, मग शेतं.

"परधाडे आलं का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"आलं की सांग."